शेवटचा सामना झाकून बघा

ओल्ड ट्रॅफर्ड म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी सचिन येतो. १४ ऑगस्ट १९९०, वय १७, नाबाद ११९, पहिलं कसोटी शतक. तो सामना आपण जिंकला नव्हता, वाचवला होता. मालिका तर इंग्लंडनेच घेतली. तरी सचिनच्या डावांची यादी करायला बसलेला कुणीही ते शतक ‘सामना अनिर्णित’ म्हणून खाली ढकलत नाही. आणि चेन्नईतल्या त्या १३६ धावा? जानेवारी १९९९, समोर पाकिस्तान, पाठीत कळा आणि शेवटी १२ धावांनी हार. त्या डावाला पहिल्या पाचांत न धरणारा माणूस मला अजून भेटायचाय.

क्रिकेटच्या त्या मैदानापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर मँचेस्टरमध्ये दुसरं ओल्ड ट्रॅफर्ड आहे, फुटबॉलचं. तिथला विषय निघाला की आपलंच माप बदलतं. माझा भाचा दर वर्षी मे महिन्यात, हंगाम संपला की, मँचेस्टर युनायटेडच्या सर्वोत्तम हंगामांची यादी नव्याने करतो आणि मला पाठवतो. खालचे क्रमांक हलतात, वरचे नाहीत. पहिला १९९८-९९, तीन कप: लीग, एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) आणि युरोपचा. दुसरा २००७-०८, दोन कप, त्यातला एक युरोपचा. तिसरा १९६७-६८, कप एकच, पण तोही युरोपचा. मग १९९३-९४ आणि १९९५-९६, लीग आणि एफए कप एकाच वर्षात. मी त्याला म्हणतो, बाबा रे, ही यादी नव्हे, मोजदाद आहे. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते त्या शिपायालाही ही करता येईल. तो म्हणतो, मामा, फुटबॉल कपासाठीच खेळतात.

खेळतात कपासाठीच, मान्य. पण कपांचा हिशेब क्लबच्या संग्रहालयात नीट मांडून ठेवलेला आहे, त्यासाठी रात्री दीडपर्यंत जागून वाद घालायची गरज नाही. वाद घालायचाच तर दहा महिन्यांवर घालावा. ऑगस्ट ते मे, ४०-५०-६० सामने, चिखल, दुखापती, मंगळवारी तुर्की तर शनिवारी कॉव्हेंट्री, हे सगळं मिळून हंगाम होतो. त्याचा निवाडा शेवटच्या दोन तासांवर सोपवायचा म्हणजे पोराची दहा वर्षांची शाळा बारावीच्या एका पेपरावरून ठरवण्यासारखं आहे. आपण तेही करतो म्हणा.

माझी कसोटी साधी आहे. हंगामाचा शेवटचा सामना हाताने झाकायचा. निकाल दिसता कामा नये. मग उरलेल्याकडे बघायचं आणि विचारायचं, हे किती मोठं आहे?

ही कसोटी मला विचार करून सुचलेली नाही. झोपेमुळे मिळाली.

२६ मे १९९९. आपल्याकडे तोवर २७ तारीख लागली होती, कारण बार्सिलोनातला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना इथे रात्री सव्वाबाराला सुरू झाला. दिवाणखान्यात आई झोपलेली, म्हणून टीव्हीचा आवाज बंद. सहाव्या मिनिटाला बायर्न म्युनिकच्या मारिओ बास्लरने फ्री किकवर गोल केला आणि पुढचे ८० मिनिटं युनायटेडला काही म्हणता काही सुचेना. रॉय कीन आणि पॉल स्कोल्स दोघेही कार्डांमुळे बाहेर, बेकहॅम उजवी कड सोडून मधे आलेला, गिग्ज भलत्याच बाजूला. मेहमेट शोलचा चेंडू खांबाला लागून परत आला, यान्करची ओव्हरहेड किक आडव्या दांडीवर आदळली. बायर्न तीन-शून्य पुढे असायला हवं होतं. आवाजाविना बघताना ते अधिकच केविलवाणं दिसत होतं. नव्वदावं मिनिट लागलं, मी टीव्ही बंद केला आणि झोपलो.

सकाळी सातला मित्राचा फोन. ‘बघितलंस ना?’ मी म्हटलं, ‘हो रे, हरलो.’ पलीकडे तो इतका वेळ हसत राहिला की मला आधी त्याचा रागच आला.

म्हणजे भरपाईच्या वेळेत बरोबरी करणारा शेरिंगहॅमचा गोलही मी पाहिला नाही आणि जिंकून देणारा सोल्शायरचाही. माझी मीच समजूत घातली की मी एकटा नव्हे. युरोपच्या फुटबॉल संघटनेचे, युएफाचे, अध्यक्ष लेनार्ट योहान्सन कप द्यायला खाली यायचं म्हणून लिफ्टमध्ये शिरले तेव्हा बायर्न पुढे होतं. खाली मैदानाशी पोचले तर जिंकलेले रडतायत आणि हरलेले नाचतायत असं त्यांना वाटलं. पण अध्यक्षांची चुकामूक मिनिटाभराची. माझी पाच तासांची. ते पाच तास मी अशा जगात होतो जिथे युनायटेड १९९९ मध्ये हरलं होतं, आणि मला स्वच्छ आठवतं, झोप लागण्याआधी मी मनात म्हणत होतो: गेला तर गेला कप, पण काय वर्ष झालं!

कारण शेवटचा सामना सोडून काय काय झालं होतं ते बघा. १९ डिसेंबरला घरच्या मैदानावर मिडल्सब्रोकडून २-३ अशी हार, आणि त्यानंतर मेअखेरपर्यंत एकही नाही. एफए कपात लिव्हरपूलविरुद्ध ८८ व्या मिनिटापर्यंत मागे, मग यॉर्क आणि सोल्शायर. आर्सेनलविरुद्धची उपांत्य फेरी आधी शून्य-शून्य, मग १४ एप्रिलला फेरसामना: कीनला लाल कार्ड, दहा माणसं, भरपाईच्या वेळेत आर्सेनलला पेनल्टी. श्मायकेलने बर्गकॅम्पचा फटका अडवला. जादा वेळेत विएराचा चुकलेला पास गिग्जने आपल्या अर्ध्या भागात पकडला आणि आर्सेनलचा अख्खा बचाव उलगडत नेऊन चेंडू जाळ्याच्या छतात मारला. एफए कपाच्या उपांत्य फेरीत फेरसामना खेळवण्याची ती शेवटची वेळ, पुढच्या वर्षी ती पद्धतच बंद झाली.

आणि एका आठवड्याने ट्युरिन. युव्हेंटसच्या घरी ११ मिनिटांत दोन गोल खाल्लेले. २४ व्या मिनिटाला कॉर्नरवर कीनचं हेडर. दहाएक मिनिटांत त्याला पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे जिंकलो तरी अंतिम सामना नाही. त्यापुढचा कीन ज्याने बघितला त्याला मी काही सांगायला नको. ज्याच्या घरच्या लग्नाला त्यालाच जायचं नाही, तो माणूस मांडवाचे खांब खांद्यावर घेऊन धावत होता. यॉर्कने बरोबरी केली, शेवटाकडे कोलने तिसरा मारला, ३-२.

लीग तर एका गुणाने, ७९ विरुद्ध ७८. बार्सिलोना झाकलं तरी हे सगळं जागच्या जागी आहे. गंमत म्हणजे ज्या सामन्यामुळे हा हंगाम सगळे पहिला धरतात, तो त्या वर्षातला त्यांचा बहुधा सर्वांत सुमार खेळ होता. भाच्याची यादी त्या दोन मिनिटांवर उभी आहे. सोल्शायरचा पाय चार इंच इकडेतिकडे झाला असता आणि जादा वेळेत बायर्न जिंकलं असतं, तर याच संघाला, याच दहा महिन्यांना तो चौथा-पाचवा क्रमांक देऊन मोकळा झाला असता. मी तेव्हाही दुसरा दिला असता. आजही दुसराच देतो.

पहिला कुणाला, तर १९५६-५७ ला.

मॅट बझ्बी युनायटेडचा मॅनेजर झाला १९४५ मध्ये. स्टेडियमवर १९४१ साली जर्मन बॉम्ब पडलेले, सामने शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर. खेळाडू विकत घेण्यापेक्षा घरीच घडवायचे हा त्याचा हिशेब, आणि तो राबवायला जिमी मर्फी हा वेल्शमन सहायक. एफए यूथ कप १९५२-५३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून ओळीने पाच वर्षं युनायटेडच्याच पोरांनी नेला. ही पोरं मोठी झाली आणि १९५५-५६ मध्ये लीग ११ गुणांनी जिंकली, जेव्हा विजयाला दोनच गुण मिळत. वय सरासरी २२ च्या आसपास.

पुढच्या हंगामात प्रश्न आला युरोपियन कपाचा, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगचा. स्पर्धा एकच वर्ष जुनी. आदल्या वर्षी इंग्लंडचा विजेता चेल्सी होता, आणि फुटबॉल लीगने त्यांना ‘कशाला ती नसती उठाठेव’ म्हणून जाऊ दिलं नव्हतं. लीगच्या कारभारातले ॲलन हार्डेकर यांना युरोपचं वावडंच होतं. बझ्बीने ऐकलं नाही, आणि युरोपियन कपात खेळणारा पहिला इंग्लिश क्लब युनायटेड झाला. आज चॅम्पियन्स लीगचं सूर कानावर पडलं की अख्खं इंग्लंड उभं राहतं, पण तेव्हा ही उघड बंडखोरी होती. चूक झाली असती तर दार आतून बंद करायला लीग टपून बसली होती, कारण युरोपात गेलात म्हणून शनिवारचा लीग सामना पुढे ढकलून मिळणार नव्हता.

ओल्ड ट्रॅफर्डवर प्रकाशझोत नव्हते, म्हणून पहिला घरचा सामना मेन रोडवर: अँडरलेख्तविरुद्ध १०-०. हिवाळ्यात बिल्बाओ. तिथे चिखलात आणि बर्फात ३-५ अशी हार. परत निघायचं तर विमानाच्या पंखांवर बर्फ साचलेला, आणि शनिवारी इंग्लंडमध्ये लीगचा सामना. खेळाडूंनी स्वतः झाडू-फावडी हातात घेऊन पंख साफ केले. ते करतानाची छायाचित्रं आहेत. मी ती फार वेळ बघू शकत नाही. घरच्या सामन्यात तीन गोल करायचे होते, ३-० ने जिंकले. तारीख होती ६ फेब्रुवारी १९५७. युनायटेडच्या माणसाला ६ फेब्रुवारी म्हटलं की वर्ष सांगावं लागत नाही, तो १९५८ धरतो, म्युनिकच्या विमान अपघाताचा दिवस. बरोबर एक वर्ष आधी याच तारखेला हीच पोरं मँचेस्टरमध्ये नाचत होती.

उपांत्य फेरीत समोर रेआल माद्रिद: दि स्टेफानो, कोपा, हेंतो. तिकडे १-३, इकडे २-२. हरले. लीगमध्ये मात्र ४२ सामन्यांत १०३ गोल, ६४ गुण, दुसऱ्या क्रमांकाच्या टॉटनमपेक्षा आठ जास्त. ऑक्टोबरात बॉबी चार्ल्टन नावाच्या पोराचं लीगमधलं पदार्पण, तेही चार्ल्टन ॲथलेटिकविरुद्ध, आणि पहिल्याच सामन्यात दोन गोल. डंकन एडवर्ड्स त्याच महिन्यात वीस वर्षांचा झाला. बिली व्हेलनचे एकट्या लीगमध्ये २६.

मग ४ मे, वेम्बली, एफए कपाचा अंतिम सामना, समोर ॲस्टन व्हिला. लीग आणि कप एकाच हंगामात जिंकणं विसाव्या शतकात तोवर कुणालाच जमलं नव्हतं. शेवटचं ज्यांनी केलं होतं, १८९७ मध्ये, ते व्हिलाच. सहाव्या मिनिटाला व्हिलाचा पीटर मॅकपार्लंड गोलकीपर रे वुडवर असा येऊन आदळला की वुडचं गालाचं हाड मोडलं. राखीव खेळाडू उतरवायची सोय तेव्हा नव्हती. मधल्या फळीतला जॅकी ब्लँचफ्लॉवर गोलमध्ये उभा राहिला आणि वुड थोड्या वेळाने गरगरत्या डोक्याने विंगवर येऊन उभा राहिला, नुसती संख्या भरायला. मॅकपार्लंडनेच दोन गोल मारले. १-२.

म्हणजे तीन कपांतला एकच हाती. भाच्याच्या यादीत हा हंगाम आठवा-नववा. पण इथे झाकायला काय आहे? शेवटचा सामना हरलेलाच आहे. हात ठेवा किंवा काढा, फरक नाही. १९९९ च्या त्रिवेणी यशाचा नकाशा बेचाळीस वर्षं आधी या पोरांनी काढला, कुणी काढू नका म्हणत असताना, विकत घेतलेल्या नव्हे तर बहुतेक घरी वाढवलेल्या खेळाडूंनी, आणि दोन ठिकाणी थोडक्यात अडले: एकदा त्या काळच्या सर्वोत्तम संघापुढे, एकदा एका मोडलेल्या हाडापुढे.

इथे भाच्याचा सगळ्यात टोकदार आक्षेप येतो आणि तो मला मान्य करावा लागतो. तो म्हणतो, मामा, तू त्यांना पहिला नंबर देतोस कारण ते पुढे मेले. शंका रास्त आहे. म्युनिकची सावली मागच्या वर्षावर पडतेच, वर ते बर्फाचं मी लिहिलं त्यातही ती आहे. म्हणून हात जरा मोठा करावा लागतो. ६ फेब्रुवारी १९५८ हेही झाकायचं. समजा विमान नीट उडालं, सगळे घरी आले, एडवर्ड्स पस्तिशीपर्यंत खेळला आणि नंतर टीव्हीवर बसून नव्या पोरांना नावं ठेवत राहिला. मग १९५६-५७ कसा दिसतो? मला वाटतं, आहे तसाच. फक्त त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली येणार नाही.

आता १९५७-५८ बद्दल. हा हंगाम भाच्याच्या यादीत नाहीच. लीगमध्ये नववा क्रमांक, कप शून्य. कुणी आणलाच तर श्रद्धांजली म्हणून आणतात, आणि श्रद्धांजलीला क्रमांक देऊ नये हे मलाही पटतं. पण मी त्याला तिसरा देतो, आणि शोकासाठी नव्हे. १९ फेब्रुवारीनंतर मैदानावर जे झालं त्यासाठी.

एक फेब्रुवारीला लंडनमध्ये आर्सेनलविरुद्ध ५-४, पाचला बेलग्रेडमध्ये ३-३ आणि युरोपच्या उपांत्य फेरीत प्रवेश. सहाला परतताना म्युनिकच्या धावपट्टीवरच्या चिखलबर्फात तिसऱ्यांदा उड्डाणाचा प्रयत्न. २३ माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. त्यांतला एडवर्ड्स पंधरा दिवस झुंजून २१ तारखेला गेला. बझ्बी इस्पितळात. मर्फी वाचला, कारण आदल्या दिवशी तो वेल्सचा संघ घेऊन कार्डिफमध्ये होता.

अपघातानंतर तेराव्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर शेफील्ड वेन्सडेविरुद्ध एफए कपाचा सामना. त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका मी फक्त चित्रात पाहिली आहे. वेन्सडेची अकरा नावं छापलेली. युनायटेडच्या बाजूला अकरा रिकाम्या जागा. छापायला जाताना संघात कोण असेल हे कुणालाच माहीत नव्हतं. ध्वनिक्षेपकावरून एकेक नाव सांगितलं गेलं आणि ६० हजारांच्या आसपास लोकांनी आपापल्या पेन्सिलीने ती भरली. स्टॅन क्राउदरचं नाव तर सामन्याला तास-सव्वा तास असताना ठरलं, तेवढ्यात त्याला व्हिलाकडून विकत घेतला होता. तो त्याच मोसमात व्हिलाकडून कपात खेळला होता, नियमाने त्याला परवानगी नव्हती, एफएने नियम बाजूला ठेवला. शे ब्रेनन हा पोरगा पहिलाच सामना खेळत होता. त्याने कॉर्नर मारला तो थेट गोलमध्ये. ३-०.

त्या रात्रीचा विजय भावनेच्या लाटेवर मिळाला असं म्हणता येईल. वेन्सडेच्या खेळाडूंचेही पाय उचलत नसणार. पण लाट तीन महिने टिकत नाही. मर्फीने हाताला लागतील तसे खेळाडू जोडले: राखीव संघातली पोरं, ब्लॅकपूलहून आणलेला एर्नी टेलर, म्युनिकहून रेल्वेने परतलेले गोलकीपर ग्रेग आणि फोक्स. लीगमध्ये उरलेल्या चौदा सामन्यांत एकच विजय. तिथे पितळ उघडं पडलं, कारण दर शनिवारी लढायला माणसंच नव्हती. पण कपात वेस्ट ब्रॉमविच, मग फुलहॅम, फेरसामन्यात ५-३, ॲलेक्स डॉसनचे तीन. मे महिन्यात पुन्हा वेम्बली. बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाउसने दोन मारले, दुसरा तर ग्रेगला चेंडूसकट गोलमध्ये ढकलून. ०-२.

आणि युरोपातलं तर कुणी बोलतच नाही. मे महिन्यातच उपांत्य फेरीत मिलानला या जोडलेल्या संघाने ओल्ड ट्रॅफर्डवर २-१ ने हरवलं. परतीच्या सामन्यात ०-४ झालं. या दोन्ही सामन्यांना चार्ल्टन नव्हता, कारण इंग्लंडने त्याला मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी नेलं होतं. त्यांतला एक होता बेलग्रेडमध्ये. म्हणजे म्युनिकला तीन महिने झालेत, मुलगा वीस वर्षांचा, आणि त्याला विमानात बसवून पुन्हा बेलग्रेडला पाठवायचं, आणि क्लबच्या युरोपियन उपांत्य सामन्याला मात्र मोकळा करायचं नाही. संघ निवडणाऱ्यांचं डोकं तेव्हाही कुठे असायचं कोण जाणे.

बाकीच्यांचं पटकन सांगतो.

१९६७-६८ वर माझा हात ठेवला की जुने लोक चिडतात. वेम्बली, २९ मे, बेनफिका, ४-१, म्युनिकनंतर दहा वर्षांनी बझ्बी आणि चार्ल्टन एकमेकांच्या गळ्यात. डोळ्यांत पाणी न येणाऱ्याने डॉक्टर गाठावा. पण ते झाकल्यावर उरतं काय? माद्रिदमध्ये १-३ वरून ३-३, आणि बरोबरीचा गोल बचावपटू बिल फोक्सचा, जो म्युनिकच्या विमानातही होता. ते थोर आहे. बाकी डेनिस लॉचा गुडघा गेलेला, तो अंतिम सामन्याच्या दिवशी इस्पितळात, आणि लीग शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर संडरलंडकडून हरून सिटीच्या हाती दिलेली. एक महान रात्र आणि एक बरा हंगाम. पाचवा.

१९९९-२००० हा कारकुनांचा लाडका असायला हवा. ९१ गुण, ९७ गोल, लीग १८ गुणांनी जिंकली. मी स्वतः तो पूर्ण पाहिला आणि आज एक सामना धड सांगता येत नाही, घरी माद्रिदकडून हरलो ती रात्र सोडून. शर्यतीत दुसरं कुणी नव्हतंच. वर ब्राझीलमधल्या क्लब जागतिक स्पर्धेसाठी एफए कपच सोडून दिला, जणू जास्तीचा विषय. यादीत नको.

२००७-०८ चौथा. अंतिम सामन्यात पेनल्टी मारताना चेल्सीच्या टेरीचा घसरलेला पाय झाकला तरी रोनाल्डोचे ४२ गोल आणि लीगमध्ये खाल्लेले फक्त २२ उरतात. आणि २६ वर्षांनी १९९२-९३ मध्ये लीग जिंकून गंगेत घोडं न्हालं तो हंगाम सहावा. १२ लाख पौंडांत कँटोनाला लीड्सने विकलं, हे त्या शतकातलं सगळ्यात स्वस्त पडलेलं घोडं म्हणायला हरकत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, जुन्या हंगामांना क्रमांक दिल्याने कुणाचं काय जातं? जातं. कारण ज्या वहीत आपण जुने हंगाम मोजतो त्याच वहीत चालू हंगामही मोजला जातो, आणि तिथे माणसांच्या नोकऱ्या असतात. १९८९-९० घ्या. सप्टेंबरात सिटीकडून १-५, लीगमध्ये तेरावं स्थान, स्टेडियममध्ये मॅनेजर फर्ग्युसनला घरी जा सांगणारा फलक. जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध कपात मार्क रॉबिन्सने गोल केला आणि फर्ग्युसन वाचला, ही कथा लोक देवळातल्या कीर्तनासारखी सांगतात. अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी मात्र सांगितलंय की हरलो असतो तरी त्याला काढणार नव्हतो. कारण त्यांना खाली युवा संघात काय चाललंय ते दिसत होतं. म्हणजे एडवर्ड्स यांनी शेवटचा सामना हाताने झाकला होता. त्या तेराव्या क्रमांकाच्या हंगामाला मी सहांत घेणार नाही, पण ज्या यादीला तो दिसतच नाही तिच्यावर माझा विश्वास नाही.

उलट २०१६ बघा. मॅनेजर वॅन गालने २१ मे रोजी एफए कप जिंकला आणि २३ ला त्याला काढला. इथे कप होता, तरी वाचला नाही. मग निकष कप हाच, असं तरी कुठे राहिलं? २०१७-१८ मध्ये मोरिन्योचा संघ ८१ गुणांनिशी दुसरा आला, सिटीच्या १९ गुण मागे, आणि काही महिन्यांनी हकालपट्टी झाल्यावर तो म्हणाला की ते दुसरं स्थान आपल्या कारकिर्दीतल्या सर्वांत मोठ्या कामांपैकी एक आहे. सगळे हसले. मीही हसलो. पुढची वर्षं बघता ते हसू मी परत घेतलंय.

२०२५ च्या मे महिन्यात, म्हणजे २०२४-२५ संपला तेव्हा, भाच्याची यादी आलीच नाही. लीगमध्ये पंधरावं स्थान, ४२ गुण. युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनमकडून ०-१, तेही बिल्बाओत, जिथे १९५७ मध्ये पंख झाडले होते. मीच फोन केला. तो म्हणाला, ‘मामा, आता लाव तुझी ती कसोटी. झाक शेवटचा सामना. काय उरतं?’

म्हटलं, फार काही नाही. पंधरावा म्हणजे पंधरावाच, त्याला मी तळाशीच टाकतो. पण १७ एप्रिल उरते. लिऑनविरुद्ध, जादा वेळेत ११४ व्या मिनिटापर्यंत २-४ मागे. ब्रुनोची पेनल्टी, मग मेनू, मग अगदी शेवटच्या श्वासाला मॅग्वायरचं हेडर. ५-४. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजून गेले होते.

तो गप्प. मग म्हणाला, ‘चौथा गोल खाल्ला तेव्हा मी झोपलो. सकाळी उठलो तर फोनवर ढीगभर मेसेज. तू जागा होतास?’

या वेळी होतो.